युरेनियमच्या रकान्याशेजारचे रकाने

प्रति,
मा. वरिष्ठ भूवैज्ञानिक,
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, नागपूर

प्रत : प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, नागपूर

विषय : भूजलातलं युरेनियम तपासताना पाण्याचं बाकीचं रसायनही त्याच नमुन्यात तपासण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला सवड नसली तरी काम अडायचं नाही. जिल्ह्यातल्या विहिरी आणि बोअरमधलं युरेनियम जेव्हा तपासाल तेव्हा त्याच नमुन्यातला सामू (पीएच), अल्कलिनिटी (म्हणजे मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट), कॅल्शियम, नायट्रेट, विरघळलेला ऑक्सिजन, लोह आणि मँगनीजही तपासा. हे सगळे आकडे एकाच कागदावर, एकाच तारखेखाली लोकांना द्या. यातले बरेचसे घटक आपल्या प्रयोगशाळेत नेहमीच तपासले जातात, हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं ते एकत्र देण्याबद्दल आहे.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि पूर्व नागपुरात राहतो. आमच्या वस्तीत नळ आहे, पण उन्हाळ्यात भिस्त बोअरवरच. कुठेतरी युरेनियमची बातमी वाचून लोकांनी वर्गणी काढली आणि पाणी एका खाजगी प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल आला एका ओळीचा : युरेनियम, मर्यादेत. वस्तीच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला आणि विषय मिटला. आज मर्यादेत आहे ते पुढच्या मे महिन्यात मर्यादेत राहील का, नाल्याच्या पलीकडच्या बोअरमध्ये काय असेल, असं मी विचारलं तर सगळे माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी लग्नात श्राद्धाचा विषय काढला. पण त्या प्रश्नाचं उत्तर युरेनियमच्या आकड्यात नसतंच. ते शेजारच्या रकान्यांत असतं आणि आमच्या अहवालात ते रकानेच नव्हते.

घबराट पसरवणं हा हेतू नाही, म्हणून दोन गोष्टी आधी स्पष्ट करतो. नागपुरात अणुभट्टी नाही. इथे जे युरेनियम आहे ते खडकातलं आहे आणि थोडंबहुत कोळशाच्या राखेतलं. आपलं शहर दोन खडकांच्या सांध्यावर वसलंय. सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण, पूर्वेला पारडी-कळमन्याकडे जुना नाईस (ग्रॅनाइटसारखाच, पण पट्ट्यापट्ट्यांचा खडक), आणि उत्तरेला कामठी-सावनेरकडे गोंडवानाचा वालुकाश्म, ज्याच्यासोबत कोळसा येतो. काळ्या पाषाणात युरेनियम अगदी कमी असतं, ग्रॅनाइट आणि नाईसमध्ये त्याच्या काही पट. तेव्हा पूर्वेकडच्या बोअरमध्ये थोडं युरेनियम निघालं तर त्यात नवल नाही.

दुसरं असं की युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं आहे. इतक्या संथपणे विघटन होणाऱ्या पदार्थाचा किरणोत्सर्गही मंदच असतो. पिण्याच्या पाण्यातून त्याचा पहिला त्रास होतो तो मूत्रपिंडाला, जड धातू म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ पासूनची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे आणि भारतीय मानक ब्यूरोनेही तीच, म्हणजे ०.०३ मिलिग्रॅम, घेतली आहे.

आता मुद्द्यावर येतो. युरेनियम जमिनीत मुख्यतः दोन रूपांत वावरतं. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ते चार संयुजेचं असतं आणि जवळपास विरघळतच नाही, खडकात बसून राहतं. ऑक्सिजन मिळाला की सहा संयुजेचं होतं, दोन ऑक्सिजन जोडून युरेनिल बनतं आणि पाण्यासोबत निघतं. पण निघालं म्हणजे लांब गेलंच असं नाही. युरेनिलवर धन भार असतो. त्यामुळे वाटेतली चिकणमाती त्याला धरते, आणि मुरमाला तांबूस रंग देणारी लोहाची ऑक्साइडं तर फारच घट्ट धरतात. नुसता ऑक्सिजनच असता तर युरेनियम दोन पावलं जाऊन थांबलं असतं.

थांबू देत नाही ते बायकार्बोनेट आणि कॅल्शियम. या दोघांची ओळख नागपूरकराला करून द्यायला नको. तूरडाळ शिजता शिजत नाही, गीझरची कॉइल पांढऱ्या थराने भरते, नळाच्या तोंडाशी खडू जमतो, ही सगळी त्यांचीच करणी. बायकार्बोनेट भरपूर असलं की युरेनिलभोवती कार्बोनेट जमतं आणि त्याचा धन भार जाऊन ऋण होतो. त्यात कॅल्शियम आलं की दोन कॅल्शियम, एक युरेनिल आणि तीन कार्बोनेट यांचा एक गट बनतो. त्या गटावर एकूण भार शून्य. बर्डीच्या मेन रोडवरून जाणाऱ्या माणसाच्या खिशात पैसे असले तर दर दुकानाशी त्याचं पाऊल अडतं, आणि खिसा रिकामा असला तर तो सरळ झाशी राणी चौक गाठतो. हा कॅल्शियमवाला गट त्या रिकाम्या खिशाच्या माणसासारखा आहे. ना चिकणमाती त्याला थांबवते, ना गंज. युरेनियमला पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात नेणारे जिवाणूही याच्यापुढे मंदावतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय.

याने किती फरक पडतो? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये एक तक्ता छापला. मातीला चिकटलेलं युरेनियम आणि पाण्यात विरघळलेलं युरेनियम यांचं गुणोत्तर, म्हणजे वितरण गुणांक, त्यात सामूनुसार दिला आहे. सामू ८ असताना तो ०.४ पासून २,५०,००० पर्यंत काहीही असू शकतो. एकच धातू, एकच सामू, आणि फरक लाखो पटींचा! त्यामागे मातीचा आणि पाण्यातल्या कार्बोनेटचा फरक असतो. कागदावर मांडून पाहा. मुरमाची घनता १.८ आणि सच्छिद्रता ०.३ धरली, पाणी वर्षाला ३० मीटर सरकतंय असं मानलं, तर गुणांक १०० असताना युरेनियम वर्षाला पाच सेंटिमीटर जातं. गुणांक ०.४ असेल तर नऊ मीटरच्या आसपास. खालच्या भेगाळलेल्या खडकात हे गणित इतकं सरळ बसत नाही, तिथे पाणी भेगांतून धावतं आणि चिकटायला जागाच कमी मिळते. तरी अंदाज यायला एवढं पुरे. यातला कुठला आकडा धरायचा हे युरेनियमचा रकाना सांगत नाही; अल्कलिनिटीचा आणि कॅल्शियमचा रकाना सांगतो.

नायट्रेटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो पूर्णपणे आपल्याच हातचा आहे. जुन्या नागपुरातल्या विहिरी, झिरपणारी गटारं, शोषखड्डे, गोठे, आणि काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागांना वर्षानुवर्षं दिलेला युरिया. नायट्रेट वाढलं की आपण लहान बाळांच्या आरोग्याचा विचार करतो आणि मर्यादा ४५ मिलिग्रॅमची धरतो, ते योग्यच. पण खाली नायट्रेट आणखी एक काम करतं. जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही तिथेही ते पोहोचतं, कारण पाण्यात ते ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं. तिथले जिवाणू ते वापरतात, त्यातून नायट्राइट बनतं, लोह गंजतं, आणि बसून राहिलेलं चार संयुजेचं युरेनियम सहा संयुजेचं होऊन सुटतं. २०१५ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या हाय प्लेन्स आणि कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅली या दोन मोठ्या जलधरांतले (भूजल साठवणाऱ्या थरांतले) आकडे एकत्र मांडले, तेव्हा युरेनियम आणि नायट्रेट हातात हात घालून चढताना दिसले. दोन गोष्टी सोबत चढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी चढली असं सिद्ध होत नाही, हे मी वर्गात तीस-बत्तीस वर्षं घोकून घेतलंय. पण हीच क्रिया प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष जमिनीतही दाखवून झाली आहे.

म्हणजे असं होऊ शकतं की एखाद्या विहिरीचं युरेनियम आज मर्यादेत आहे, पण नायट्रेट दरवर्षी चढतंय. तुमचा आजचा अहवाल तिला पास करेल. मी तिच्यावर लाल खूण करेन.

यातली खरी गुंतागुंत आणखी पुढे आहे. नाग नदीच्या काठाने सांडपाणी इतकं मुरतं की काही ठिकाणी पाण्यातला ऑक्सिजन आणि नायट्रेट दोन्ही संपत असणार. तिथे युरेनियम पुन्हा बसतं. बरं झालं म्हणावं, तर त्याच पाण्यात मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं विरघळू लागतात आणि त्यांना चिकटलेलं रेडियम, जे युरेनियमच्याच विघटनातून बनतं, मोकळं होतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १,६०० वर्षं, आणि शरीरात ते कॅल्शियमची जागा घेऊन हाडात बसतं. मनसर-कांद्रीपासूनचा मँगनीजचा पट्टा आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे हा मुद्दा इथे पुस्तकी राहत नाही. स्वच्छ, हवेशीर, जड पाण्यात युरेनियम पळतं आणि घाणेरड्या, कोंडलेल्या पाण्यात रेडियम. अशा विहिरीला नुसती युरेनियमची चाचणी लावली तर ती ऐटीत उत्तीर्ण होईल. म्हणून लोह-मँगनीजचा रकाना मागतोय, आणि तो आकडा जास्त असेल तिथे एकूण अल्फा किरणोत्साराची चाचणीही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तिची मर्यादा लिटरला ०.१ बेकरेल अशी दिलेली आहेच.

राखेबद्दल. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत पसरली. तेव्हापासून त्या बाजूच्या गावांत पाण्याबद्दल काहीही निघालं की बोट आधी राखेकडे जातं. राग समजण्यासारखा आहे. पण बोट दाखवण्याआधी पंजाबचं उदाहरण पाहावं. २००९ मध्ये माळव्यात युरेनियमचा मोठा गाजावाजा झाला आणि संशय औष्णिक केंद्रांच्या राखेवर गेला. पुढच्या अभ्यासांत राखेचा वाटा तितका दिसला नाही. जमिनीतलंच युरेनियम, सिंचनाने बदललेलं पाणी आणि त्यातलं भरमसाठ बायकार्बोनेट, याकडे पुरावा झुकला. कोळसा जळला की त्यातलं युरेनियम राखेत मागे राहतं आणि त्याचं प्रमाण वाढतं हे खरं. पण त्याचा बराच भाग राखेच्या काचेसारख्या कणांत अडकलेला असतो, आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९९७ मध्येच म्हटलं होतं की अशी राख सर्वसाधारण माती-खडकांपेक्षा फार वेगळी नसते.

मग राख निर्दोष का? तसंही नाही. आर्सेनिक, बोरॉन, सल्फेट यांचा हिशेब वेगळा, तो इथे काढत नाही. युरेनियमपुरतं बोलायचं तर माझी शंका अशी : राखेच्या तलावातून झिरपणारं पाणी कॅल्शियम वाढवतं, सामू बदलतं, आणि खालच्या खडकात आधीपासून असलेलं युरेनियम सोडवू शकतं. म्हणजे युरेनियम खडकाचं आणि त्याला वाट करून देणारं पाणी राखेचं. हे खरं की खोटं, ते बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या विहिरींचं संपूर्ण रसायन शेजारी ठेवलं तरच कळेल. एकट्या युरेनियमच्या आकड्यावरून दोन्ही बाजू पुढची वीस वर्षं भांडत बसू शकतात.

अंदाज कसे फसतात याचा एक धडा सांगतो. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड इथे अणुइंधन बनवण्याच्या जागेखाली युरेनियम मुरलं होतं. १९९० च्या दशकात हिशेब मांडला गेला की तीन ते दहा वर्षांत ते आपोआप धुऊन जाईल. ते गेलं नाही. नदी चढली की पाणी वरच्या दूषित थरापर्यंत पोहोचून नवं युरेनियम उतरवतं. शिवाय नदीच्या पाण्यात बायकार्बोनेट कमी आणि भूजलात जास्त, त्यामुळे कोणतं पाणी कुठवर शिरलंय त्याप्रमाणे युरेनियम कधी मातीला चिकटतं, कधी सुटतं. एकच स्थिर गुणांक धरून केलेलं गणित तिथे टिकलं नाही. आपली कन्हान पावसाळ्यात किती चढते आणि मे महिन्यात तिच्या वाळूत पाणी किती खाली जातं, हे आपल्याला सांगायला नको. तिच्या काठच्या विहिरींतून शहराला पाणी येतं. तिथला वर्षातून एकदाच घेतलेला नमुना काय सांगणार?

बाकीच्या किरणोत्सारी पदार्थांचा आपल्या जिल्ह्याशी आज थेट संबंध नाही, तेव्हा धावतं बघतो. स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमच्या जातीचं, म्हणून जड पाण्यात मातीवर त्याला जागा मिळत नाही आणि ते पुढे सरकतं. सीझियम-१३७ ला इलाइट नावाची चिकणमाती पक्की पकडते. आपल्या काळ्या मातीत भरणा स्मेक्टाइटचा, तिची पकड सैल. टेक्निशियम-९९ हवेशीर पाण्यात ऋण भाराचं असतं, त्याला कोणी अडवतच नाही. प्लुटोनियम विरघळत नाही म्हणून जागचं हलणार नाही असं मानत होते. १९९९ मध्ये नेवाडातल्या चाचणीस्थळी ते १.३ किलोमीटरवरच्या विहिरीत सापडलं, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर बसून आलेलं. पुढेमागे अणुकचरा कुठे पुरायचा याची चर्चा आपल्याकडे निघाली, तर हे सगळं तेव्हा नव्याने शिकायला वेळ मिळणार नाही.

नमुन्याबद्दलही लिहायला हवं, कारण बरेचसे रकाने तिथेच बिघडतात. आमच्या वस्तीचा नमुना कसा गेला ते सांगतो. मोटार सुरू केली, पहिल्या धारेलाच पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली धरली, झाकण लावलं आणि पोरगा बाटली डिकीत टाकून निघाला. वाटेत दोन कामं उरकली. मे महिन्याचं ऊन. बाटली प्रयोगशाळेत पोहोचली तेव्हा तळाशी पांढरट भुकटी बसली होती. ती भुकटी म्हणजे आमच्या बोअरचं कॅल्शियम आणि कार्बोनेट. जमिनीखाली दाबात असलेला कार्बन डायऑक्साइड बाटलीत उडून जातो, सामू चढतो, चुना खाली बसतो, सोबत आणखी काय काय घेऊन बसतो. विरघळलेल्या लोहाला हवा लागली की तेही गंजून खाली जातं आणि युरेनियमला पकडून नेतं. मग वरचं नितळ पाणी यंत्रात गेलं, आणि आकडा आला मर्यादेत. येणारच.

पद्धत आपल्या माणसांना पाठ आहे, तरी वाचकांसाठी लिहितो. मोटार आधी चालू द्यायची, विद्युतवाहकता, तापमान आणि सामू हलायचे थांबेपर्यंत. तोवर येतं ते केसिंगमध्ये शिळं झालेलं पाणी. सामू आणि ऑक्सिजन विहिरीवरच मोजायचा. अल्कलिनिटीही तिथेच. आम्लाचे थेंब सोडत मिथिल ऑरेंजचा पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत थांबायचं, दहा मिनिटांचं काम. युरेनियमसाठीचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून त्यात नायट्रिक आम्ल घालायचं आणि नायट्रेटसाठीची बाटली वेगळी, बर्फात. उन्हात उभं राहून हे करणाऱ्या कंत्राटी पोराला त्या दहा मिनिटांचे पैसे मिळतात का, हा प्रश्न मी आपल्यावरच सोडतो.

आपण निरीक्षण विहिरींची पाण्याची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चारदा मोजता. त्यातल्या मे आणि ऑक्टोबर या दोन फेऱ्यांत हे पूर्ण रसायन घ्यावं. सगळ्या विहिरी नकोत. सुरुवातीला पूर्वेकडच्या नाईसमधल्या काही, नाग नदीच्या काठच्या काही, कन्हानच्या काठच्या काही, आणि कोराडी-खापरखेड्याच्या राख तलावांच्या दोन्ही बाजूंच्या काही पुरेत. त्याच विहिरी दरवर्षी घ्याव्यात, नव्या नव्या नाही. जिथे छतावरचं पाणी थेट बोअरमध्ये सोडून पुनर्भरण चाललंय तिथलेही थोडे नमुने घ्यावेत. पावसाचं पाणी क्षार पातळ करतं हे चांगलंच, पण ते सोबत ऑक्सिजनही खाली नेतं, आणि नाईसमध्ये त्याचा परिणाम काय होतो ते तपासल्याशिवाय कळणार नाही. पुनर्भरण बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. आरओच्या सांडपाण्याचंही पाहावं. आरओ युरेनियम चांगलं काढतो, पण काढलेलं सगळं त्या सांडपाण्यात असतं आणि ते बहुतेक ठिकाणी मागच्या शोषखड्ड्यात जातं.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला एवढीच विनंती की राख तलावांभोवतीच्या विहिरींचे आपले आकडे भूजल यंत्रणेच्या आकड्यांसोबत एकाच तक्त्यात यावेत, तारीख आणि विहिरीची खोली लिहून. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ मध्ये भूजलाच्या गुणवत्तेची जबाबदारी मान्य केलेली आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, लागला तर एक नवा फॉर्म लागेल.

मे महिन्याच्या फेरीत आमच्या वस्तीची बोअर घेतलीत तर आभारी राहू. एक दिवस आधी निरोप द्या. मोटारीची चावी माझ्याकडेच असते, सकाळी सहापासून चालू ठेवतो, म्हणजे आपला माणूस येईपर्यंत शिळं पाणी निघून गेलेलं असेल आणि त्याला उन्हात थांबावं लागणार नाही.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
पूर्व नागपूर